अधिक नऊ

थंडीचीसुद्धा गावं ठरलेली असतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं, की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. गाडीच्या टपावर पांढरी साय, आणि ती नखानं खरवडून दाखवणारा एक आनंदी पर्यटक. निफाडचा मान वेगळा. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा खाली गेला, की मुंबईतल्या लोकांना पंख्याखाली बसून हुडहुडी भरते. आमच्या लोणंदला थंडीत नाव नाही. लोणंद म्हटलं की लोक म्हणतात, 'कांदा.' माळकरी असले तर म्हणतात, 'माउलींचा मुक्काम.' एकात डोळ्यांतलं पाणी, दुसऱ्यात आभाळातलं. थंडीला मधे शिरायला फटच ठेवलेली नाही.

मी मात्र हिवाळाभर रोज सकाळी सहा वीसला लोणंदहून नीरेला सायकलनं जातो. त्यामुळं या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे. आणि तो मी कुणी विचारलं नाही तरी बजावतो.

नदीपलीकडच्या एका ज्युनियर कॉलेजात मी लिपिक आहे. कॉलेज सकाळचं. सव्वासातला पहिली घंटा. मस्टर माझ्या टेबलावर असतं, त्यामुळं मला उशीर झाला की त्या दिवशी सगळा स्टाफ वेळेवर आलेला असतो. अंतर आठ किलोमीटर. सायकल आली ती डॉक्टरांमुळं. रक्तात साखर सापडली. एका बाजूला साखरवाडी, दुसऱ्या बाजूला सोमेश्वरनगर आणि मधे मी, तेव्हा साखर निघाली यात डॉक्टरांना काही विशेष वाटलं नाही. "चाला, पोहा, नाहीतर सायकल चालवा," म्हणाले. चालत नीरा गाठायची तर पहाटे साडेचारला निघायला हवं. वारकरी एवढं चालतात हे खरं, पण त्यांना पंढरपुरात गेल्यावर मस्टरवर सही करायची नसते. पोहायचं म्हणजे कालव्यात. राहिली सायकल.

सायकल वडिलांची आहे, बावीस इंची, काळी. चेनकव्हरवरचं कंपनीचं नाव घासून घासून गेलं, आता 'मेड इन' एवढंच वाचता येतं. कुठं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तिला ब्रेक आहेत, घंटा आहे, मागं कॅरियर आहे, आणि पुढच्या चाकाला बाटलीचा डायनॅमो आहे. या डायनॅमोबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या थंडीचं सगळं मूळ त्याच्यात आहे.

जानेवारीत आमच्याकडं सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे माझा जवळजवळ सगळा प्रवास अंधारातला. डायनॅमोचं डोकं टायरला टेकवलं की दिवा लागतो, पण तो चाकाच्या गतीवर. जोरात पायडल मारलं तर रस्ता दिसतो. हळू मारलं तर दिव्यातली तार नुसती लाल होते, विडीच्या टोकासारखी. आता जोरात गेलं की वारा लागतो. वारा लागला की थंडी. थंडी वाजते म्हणून हळू जावं तर खड्डा दिसत नाही. थोडक्यात, उजेड हवा असेल तर त्याच्यासोबत थंडी घ्यावी लागते, आणि ऊब हवी असेल तर खड्डा.

खोलात गेलो तेव्हा लक्षात आलं की हे नुसत्या दिव्याचं नाही. पहाटेच्या वेळी लोणंदला वारा बहुतेक नसतोच. झाडाचं पान हलत नाही. धूर सरळ वर जातो. अशा हवेत घोंगडं पांघरून ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला थंडी वाजते, पण ती सरकारी थंडी. माझी खासगी आहे. ताशी पंधरा किलोमीटरचा वारा मी स्वतःच्या पायांनी तयार करतो आणि स्वतःच्याच तोंडावर घेतो. अंग तापावं म्हणून पायडल मारावं, तर वारा वाढतो. वारा वाढला म्हणून अंग आखडतं. आखडलं म्हणून आणखी जोरात मारावं. बैल घाण्याला फिरतो तेव्हा निदान तेल तरी निघतं.

त्यात रस्ता उताराचा. लोणंद वर, नीरा नदी खाली. म्हणजे सकाळी जेव्हा घाम यायला हवा तेव्हा सायकल आपोआप पळते, पायांना काम नाही, नुसता वारा खात बसायचं. आणि दुपारी परत येताना, डोक्यावर ऊन असताना, चढ. हा रस्ता ज्यानं आखला त्याला सायकल येत नसावी.

घरातून निघण्याआधीचा अर्धा तास बायकोच्या ताब्यात असतो. आधी बनियन, त्यावर पेपर. हो, पेपर. तो छातीला आणि पाठीला लावून वरून शर्ट घालायचा. हा शोध माझा नव्हे. फ्रान्समध्ये टूर द फ्रान्सचे शर्यतवाले डोंगर चढून माथ्यावर आले, की प्रेक्षकांच्या हातातले पेपर घेऊन अंगात खुपसायचे आणि मग उतार उतरायचे. वारा कागदातून जात नाही. हे मी बायकोला सांगितलं तेव्हापासून घरात रद्दी विकली जात नाही. छातीवर मी शक्यतो पहिलं पान घेतो. परवा 'वेण्णा लेक परिसरात हिमकण' ही बातमी चार कॉलम फोटोसकट हृदयाला लावून मी पाडेगावपर्यंत गेलो. रविवारची पुरवणी जाड असते, ती सोमवारसाठी राखून ठेवतो. पुरवणीतल्या ललितलेखानं वाचकाला ऊब मिळते असं संपादक म्हणतात, त्यात तथ्य आहे.

शर्टावर स्वेटर. दिवाळी झाली की स्वेटरवाले गावात येऊन रस्त्याकडेला दोरीवर दुकान मांडतात. हा तिथला, घासाघीस करून घेतलेला. छातीवर दोन हरणं आहेत. धुतल्यावर ती एकमेकांच्या जवळ आली. स्वेटरवर मफलर, मफलरवर माकडटोपी. पायात मोजे, मोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, वर बूट. चालताना चुरचुर आवाज येतो, पण बोटं जिवंत राहतात. हातमोजे माझ्याकडं नाहीत. होते, त्यातला एक हरवला. तेव्हापासून हातातही पायमोजेच घालतो. त्यात अंगठा वेगळा राहत नाही, त्यामुळं घंटा वाजवता येत नाही. समोर कुणी आलं तर खोकतो.

एवढं सगळं चढवून मी दारात उभा राहिलो की बायको विचारते, "अहो, वाकता येतंय ना?" वाकता येत नाही. सायकलवर टांग टाकायला मला पायरी लागते.

गावातून बाहेर पडताना बाजार समितीकडं येणाऱ्या गाड्या लागतात. हिवाळ्यात हळव्या कांद्याचा हंगाम. लिलावाच्या आदल्या रात्रीपासून टेम्पो येऊन थांबलेले असतात, आणि कांद्याच्या पिशव्यांवर ताडपत्री ओढून शेतकरी झोपलेला असतो. त्याला बघितलं की माझ्या थंडीची मला थोडी लाज वाटते. पण थोडीच. तो पडून असतो, त्याला वारा नाही. शिवाय कांदा रात्रभर उबदार राहतो असं मला एकानं सांगितलं. मी विचारलं, "भावाचं काय?" तर म्हणाला, "भाव गारठलाय." या टापूत माझ्या डोळ्यांतून धार लागते. ती थंडीची किती आणि कांद्याची किती, हे वेगळं काढता येत नाही. नाकाचं तर विचारूच नका. दोन्ही हात हँडलला, रुमाल तीन थरांच्या आत, पेपरच्याही आत. अशा वेळी माणूस जे करतो ते मी करतो आणि अंधार आहे याबद्दल देवाचे आभार मानतो.

रेल्वेच्या बाजूनं कधी गाडीचा आवाज येतो. पुणे-मिरज मार्गावर नीरेच्या पुढचं स्टेशन लोणंद, मग सालपे, आदर्की, वाठार. डब्यातल्या काचा खाली ओढलेल्या, आत पिवळा उजेड, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली. त्या झोपलेल्या लोकांचा मला जेवढा हेवा वाटतो तेवढा मोटारवाल्यांचा वाटत नाही. मोटारसायकलवाल्यांची तर कीवच येते. ताशी साठनं जाणारा माणूस म्हणजे चौपट मूर्ख. गल्लीतला एक पोरगा बुलेट थांबवून रोज म्हणतो, "काका, बसा मागं, सोडतो." एकदा बसलो. नीरा सात मिनिटांत आली, पण मी कुठं आलोय हे कळायला आणखी पंधरा मिनिटं लागली.

पाडेगाव आलं की ऊस सुरू होतो. तिथं १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. शेतकऱ्यांत ज्याला ८६०३२ म्हणतात त्या उसाला आपल्याकडं 'नीरा' असं नाव आहे, नदीचं. हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, त्यातून बाहेर लोंबणारी वाढी, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नाही. माझ्या डायनॅमोच्या उजेडात ती ट्रॉली अचानक उसाच्या भिंतीसारखी समोर उभी राहते. मी खोकतो. ट्रॅक्टरवाल्यानं मोठ्यानं गाणी लावलेली असतात, त्याला खोकला ऐकू जात नाही. पण ट्रॉलीच्या मागं मागं राहिलं तर वारा अडतो, हे मी अनुभवातून शिकलो. शर्यतवाले सायकलपटू एकमेकांच्या मागं लागून जातात त्यात हेच तत्त्व आहे. मी एक पूर्ण हिवाळा सोळा टन उसाच्या आडोशानं नोकरीला गेलो आहे. रस्त्यात वाढी पडलेली असतील तर ती मागं कॅरियरला लावायची. शेजाऱ्यांची म्हैस माझ्यावर खूश असते.

याच पट्ट्यात टोळीच्या कोप्या लागतात. बीडकडून, नगरकडून आलेली माणसं, कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या खोपटात राहणारी. मी जातो तेव्हा त्यांच्यातली निम्मी फडात गेलेली असतात आणि कुणाची तरी वाट बघत थांबलेली एक-दोन शेकोटीशी असतात. पहिल्यांदा मी पंक्चर झालो म्हणून थांबलो. म्हणजे सायकल झाली, पण त्या अवस्थेत फरक उरला नव्हता. बाभळीचा काटा. बोटं अशी आखडलेली की व्हॉल्व्ह फिरेना. शेकोटीवरचा एक जण उठला, काही न बोलता सायकल उलटी केली आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही आधी शेकून घ्या. हाताला जीव आला की बघू." मी मास्तर नाही हे सांगायला दात एकमेकांवर बसत नव्हते, म्हणून राहून गेलं. ते आजही राहून गेलंय. आता मी पंक्चर नसतानाही पाच मिनिटं थांबतो. पाचट भुर्रकन पेटतं आणि भुर्रकन विझतं, म्हणून सारखं घालत राहावं लागतं; मी छातीवरचा पेपर काढून देऊ केला तर त्यानं तो उलगडला, शेकोटीच्या उजेडात हिमकणांचा फोटो बघितला आणि विचारलं, "हे कुठंशी?" मी म्हणालो, "आपल्याच जिल्ह्यात." त्यानं एकदा आपल्या कोपीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि पेपर घडी करून परत दिला. "राहू द्या, तुमचा पुढं पूल हाय," म्हणाला.

पूल. नीरा नदीवरचा पूल म्हणजे या प्रवासाचा गाभारा. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान होतं ते इथंच, आणि मग पालखी सातारा जिल्ह्यात येते. तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. पौषात तिथं मी आणि धुकं. रात्री निरभ्र आभाळाखाली जमीन निवते, तिच्यावरची हवा गार होते, आणि गार हवा जड, म्हणून ती उतारानं पाण्यासारखी वाहत नदीच्या खोलात येऊन साचते. नदीचं पाणी मात्र त्या मानानं कोमट, म्हणून त्यातून वाफ निघते. दिसायला ते इतकं सुंदर असतं की पाच-सहा सेकंद मी थंडी विसरतो. मग कठड्यांच्या मधून जो झोत येतो तो पेपर, पुरवणी, हरणं या सगळ्यांना ओलांडून थेट बरगडीशी बोलतो. पुलावर जिल्हा बदलतो. सातारा संपतो, पुणे लागतं. थंडीला कुणी कळवलेलं नसतं.

कॉलेजात पोचल्यावर मी बोलायच्या स्थितीत नसतो. चहाचा ग्लास आधी दोन्ही गालांना लावतो, मग डोळ्यांना, मग पितो. प्राचार्य मोटारीतून उतरतात आणि म्हणतात, "आज गारठा कमी आहे, नाही?" मी मान हलवतो. ती थरथर असते, ते होकार समजतात.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांना माझी दया आली. ते म्हणाले, "तुम्हाला वाजते ती नुसत्या तापमानाची थंडी नाही, तिला शास्त्रात वेगळं गणित आहे." मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं लोक म्हणायचे, नऊ अंशाला काय होतंय. सरांनी सांगितलं की पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल नावाचे दोन अमेरिकन अंटार्क्टिकावर जाऊन राहिले. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असा त्यांचा उद्योग. १९४५ मध्ये त्यांनी तो छापला. पुढं २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं नवं सूत्र काढलं. त्यासाठी माणसांच्या तोंडाला यंत्रं चिकटवून त्यांना गार वाऱ्याच्या बोगद्यात चालवलं. त्यांनी मला बोलावलं असतं तर बोगद्याचा खर्च वाचला असता.

हे सूत्र १० अंश किंवा त्याच्या खालच्या तापमानालाच लागू होतं, सर म्हणाले. म्हणजे अकरा अंशांना तुम्ही कितीही कुडकुडा, शास्त्राला ते मंजूर नाही. आमचे ९. एका अंशानं का होईना, लोणंद पात्र ठरलं. जमिनीचा सात-बारा नावावर व्हावा तसा आनंद मला झाला. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. तापमान ९, वारा ताशी १५ किलोमीटर, कॅल्क्युलेटर घेतला. स्टाफरूममधले सगळे माना वर करून बघायला लागले. मी मनात उणे चारची तयारी ठेवली होती. उणे दोन आले असते तरी चालवून घेतलं असतं.

उत्तर आलं ६.७.

"अधिक?" मी विचारलं.

"अधिक," सर म्हणाले. "समोरून वारा धरला आणि एकूण २५ केला तर ५.७ पर्यंत येतं." ते भाजीवाल्यासारखं वर कोथिंबीर टाकून देत होते, पण माझं लक्ष उडालं होतं. अकरा हिवाळ्यांची माझी थंडी फळ्यावर सव्वादोन अंश भरली. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "पण भावना पोचल्या."

हवामान खात्याकडूनही मला आशा नाही. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान १० च्या आत हवं आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी खाली हवं. म्हणजे एखाद्याकडं रोजच थंडी पडत असेल तर ती लाट धरत नाहीत. रोजच भांडणाऱ्या नवरा-बायकोची पोलीस जशी तक्रार घेत नाहीत तसं आहे हे.

साडेबाराला सुटतो तेव्हा हवा बदललेली असते. लोणंदच्या हिवाळ्याचा खरा विनोद हा आहे. सकाळी ९, दुपारी २९-३०. पाऊस कमी, आभाळ मोकळं, हवा कोरडी. तापायला वेळ नाही, निवायला वेळ नाही. सकाळी जे अंगावर होतं ते दुपारी कॅरियरला येतं. स्वेटर, मफलर, टोपी, दोन जोड मोजे, वर वाढ्यांचा भारा. आतून पेपर घामानं भिजून बनियनला चिकटलेला, आणि घरी जाऊन काढला की छातीवर बाजारभाव उलटे उमटलेले असतात. चढावर घाम पुसत असताना समोरून येणारा माणूस कॅरियरकडं बघतो आणि विचारतो, "काय, स्वेटर विकायला काढले का?"

रविवारी याच रस्त्यावर कधी पुण्याचे सायकलवाले भेटतात. त्यांना सायकलवाले म्हणायचं नसतं, सायकलिस्ट म्हणायचं. माझ्यासारख्याला सायकलवाला म्हणतात. त्यांच्या अंगावर कातडीला चिकटलेले कपडे, डोक्यावर वेलदोड्यासारखी टोपी, आणि सायकल अशी की तिला स्टँड नाही. ती भिंतीला टेकवतात किंवा मला धरायला देतात. एकदा चहाच्या टपरीवर त्यांच्यातल्या एकानं माझ्या पायातल्या दुधाच्या पिशव्या बघितल्या. मला वाटलं हसेल. त्यानं खाली वाकून निरखून बघितल्या आणि आपल्या बुटांवरची रबरी टोपणं दाखवून म्हणाला, "काका, सेम कन्सेप्ट. मी अडीच हजाराला घेतली." मी त्याला अर्ध्या लिटरची एक जोडी भेट दिली.

आता भाच्याचं सांगतो, म्हणजे सुटलो.

माझा भाचा फिनलंडमध्ये ओउलू नावाच्या गावी नोकरीला आहे. हे गाव जगाच्या नकाशावर इतकं वर आहे की भिंतीवरच्या नकाशात ते खिळ्याखाली जातं. डिसेंबरात तिथं दिवस साडेतीन तासांचा. आणि तिथले लोक बर्फात सायकल चालवतात. हौस म्हणून नव्हे. शाळेत जायला, कामावर जायला, बाजाराला. नऊशे किलोमीटरहून जास्त सायकलच्या वाटा आहेत, बर्फ पडला की त्या पहाटेच साफ करतात. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद भरली ती या ओउलूलाच. भाचाही सायकलनं कामाला जातो, टायरला खिळे ठोकलेल्या. आपण टायरमधले खिळे काढायला पैसे देतो, तिकडं घालायला देतात.

पूर्वी मी कौटुंबिक ग्रुपवर सकाळी 'लोणंद ९ अंश' असं टाकायचो. त्यावर पाच मिनिटांत त्याचा फोटो यायचा: पापण्यांवर बर्फ, मिशीला लोंबकळ्या, खाली 'मामा, उणे १७. गुड मॉर्निंग.' मग नातेवाइकांचे अंगठे सगळे त्याला. माझी सख्खी बहीण, जिच्या लग्नात मी सगळी पाहुणेमंडळी सायकलवर डबल सीट आणली, तीही लिहायची, 'जप रे बाळा.' भावाला एक शब्द नाही. मी नुसतं 'अधिक नऊ' झालो. घरात कुणी किरकोळ दुखणं सांगितलं की म्हणायचे, "अधिक नऊ आहे, काही होत नाही."

मागच्या जानेवारीत तो एका लग्नाला आला आणि एक रात्र आमच्याकडं राहिला. रात्री जेवताना म्हणाला, "मामा, उद्या मी येतो तुझ्याबरोबर. नऊ म्हणजे आमच्याकडचा मे महिना." मी काही बोललो नाही. शेजारच्या मुलाची गिअरची सायकल मागून आणून ठेवली.

पहाटे पाचला तो उठला, म्हणजे गोधडीतून एक पाय बाहेर काढून शहाबादी फरशीवर ठेवला. आतल्या खोलीतून आम्हाला आवाज आला. मग त्यानं बराच वेळ काही केलं नाही. शेवटी विचारलं, "मामा, घर गरम करायला काय आहे?"

"चहा," मी म्हणालो.

न्हाणीघर अंगणात आहे. पत्र्याचं दार, खाली वितभर फट. बंबातलं पाणी कडकडीत, पण तांब्या आणि पुढचा तांब्या यांच्या मधे जो काळ असतो तो फिनलंडमध्ये नाही. आतून मला "मामा, मामा" अशा हाका आल्या. पंचा विसरला असेल म्हणून गेलो, तर नाही, तो नुसत्याच हाका मारत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा 'मे महिना' उतरला होता. तरी हाफ बाह्यांचा टीशर्टच घातला. शब्दाचा पक्का आहे. मी पेपर देऊ केला, नको म्हणाला. मोजे दिले, नको. दुधाच्या पिशव्या दाखवल्या, त्यानं फोटो काढला.

बाजार समितीपर्यंत तो बोलत होता. रेल्वे फाटकानंतर एकेक शब्द बोलायला लागला. पाडेगावला मी वळून विचारलं, "कसं वाटतंय?" तर त्यानं 'अ' म्हटलं. पुढचं अक्षर आलं नाही. शेकोटी दिसली तशी त्यानं सायकल स्टँडवरही लावली नाही, आडवी टाकली आणि जाऊन बसला. टोळीतल्या त्या गड्यानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मास्तर, पोराला असं उघडं कुठं घेऊन निघाला?" म्हणाला, आणि आपल्या खांद्यावरचं घोंगडं काढून त्याच्या अंगावर टाकलं. भाचा मला म्हणाला, "तू हो पुढं."

मी पुढं झालो. त्या दिवशी पुलावरचं धुकं मला कधी नव्हे इतकं आवडलं. मी शीळ वाजवत पूल ओलांडला, म्हणजे ओठ तसे झालेच होते, त्यात थोडी फुंकर घातली.

दुपारी घरी आलो तर तो तीन गोधड्यांखाली होता. सायकलसकट कांद्याच्या टेम्पोतून परत आला होता. बहिणीचा फोन चालू होता आणि ती मला ओरडत होती, हे सांगायला नको. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मामा, तिकडं घरात एकवीस अंश असतात. ऑफिसात एकवीस. मधली वीस मिनिटं उणे सतरा. थंडी बाहेर असते, आपण तिला भेटायला जातो. इथं ती घरात राहायलाच असते." मग आल्याचा चहा दोन घोट पिऊन म्हणाला, "तिचं नाव रेशनकार्डावर आहे का बघ."

परत गेल्यावर त्यानं ग्रुपवर एकच ओळ टाकली: 'मामाचे अधिक नऊ खरे आहेत.' तिला सत्तावीस अंगठे आले. मी ती ओळ छापून घेणार होतो. छातीला लावायला.

महिन्याभरानं त्याच्याकडून पार्सल आलं. हातमोजे. काळे, आत लोकर, बाहेर कसलंसं कापड, आणि लेबलवर उणे २५ पर्यंत चालतील असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी ते घालून निघालो. बोटं जाड पुऱ्यांएवढी झाली. ब्रेकमधे आणि हँडलमधे ती मावेनात. उतार लागल्यावर सायकल थांबवायला मला पाय घासत न्यावे लागले आणि दुधाच्या दोन्ही पिशव्या फाटल्या. शिवाय पाडेगावपर्यंत तळहातांना असा घाम सुटला की शेकोटीवरच्या गड्यानं विचारलं, "मास्तर, हात कशात बुडवले?"

आता ते मोजे स्वयंपाकघरात खुंटीला असतात. पहाटे गॅसवरचं उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवायला बायकोला त्यांच्यासारखं काही नाही म्हणे. सांडशी तिनं माळ्यावर टाकून दिली. उणे २५ चे हातमोजे आमच्याकडं अधिक १०० ला कामाला लागलेत. मी हातात पायमोजे चढवतो, रविवारची पुरवणी सारखी करतो आणि पायरी कुठं आहे ते बघतो.